छत्तीसच्या अलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. साठ इंच लांब, बोटभर रुंद, एके काळी पिवळीधमक आणि आता चहात भिजलेल्या बिस्किटाच्या रंगाची. माझ्या एका टोकाची पितळी पट्टी कधीच गळून गेली आणि अकरा ते चौदा हे आकडे पुसट झाले आहेत. हल्ली मी कुणाचंच माप घेत नाही. का घेत नाही, हे सांगायची मला लाज वाटते. तरीही सांगते, कारण माझ्या हातून जे झालं ते तुमच्या घरच्या एखाद्या टेपच्या हातून होऊ नये.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाच्या लांबच लांब पट्टीला रोगण चढवलं, यंत्राने तिच्यावर इंच छापले आणि कात्रीने आम्हा बहिणींना वेगळं केलं. मग तपासणाऱ्या बाईने मला एका पोलादी पट्टीशेजारी निजवलं, टोकाला टोक लावलं आणि ‘बरोबर’ म्हणून पुढची टेप उचलली. तो एक शब्द मी आयुष्यभर मिरवला. आपण बरोबर आहोत, असं एकदा कुणी सांगितलं की पुन्हा तपासून घ्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही आलं नाही.

मला विकत घेतलं ते एका आईने. तिच्या थोरल्या मुलीने शिवणाचं दुकान काढलं होतं. एकच खोली, खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा. आईने मला मुलीच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, ‘‘कापड वाया गेलं तर नवीन आणता येतं. माप तेवढं चुकवू नकोस.’’ त्या दिवसापासून ही मुलगी माझी मालकीण झाली.

मालकिणीचा एक नेम होता. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, ती वहीतल्या जुन्या मापावर कधीच कापड कापत नसे. दर वेळी मला नव्याने त्या माणसाभोवती फिरवायची आणि मग टेबलावरच्या कापडावर मलाच ठेवून खडूची रेघ ओढायची. त्यामुळे कपडे असे बसायचे की गिऱ्हाईक आरशासमोरून हलत नसे. लोक तिच्या हाताचं कौतुक करायचे आणि मला वाटायचं, अर्धं श्रेय माझं आहे.

दुकानाला दोन वर्षं झाली आणि आईचं पोट फुगू लागलं. वयाप्रमाणे होतं, वारा धरतो, म्हणत आईने ते महिनोन्महिने अंगावर काढलं. हातापायाच्या काड्या झाल्या, पण पोट खाली बसेना. जुने कपडे बसेनात म्हणून मालकिणीने तिच्यासाठी सैल गाऊन शिवायला घेतला. मीच त्या पोटाभोवती फिरले. छत्तीस इंच. मालकिणीने तो आकडा मोठ्याने वाचला नाही, नुसता वहीत लिहिला; शेजारी उभ्या धाकट्या बहिणीने तो पाहिला. पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की पोटात गाठ आहे आणि फार उशीर झाला आहे. गाऊनला बटणं लावायची राहिली होती, तोवर आई गेली.

छत्तीसचा आकडा भांडणाचा म्हणतात. आमच्या दुकानात तो भीतीचा झाला. बिनबटणांचा गाऊन मालकिणीने टेबलाखालच्या खणात घडी करून ठेवला आणि त्यानंतर तो खण उघडला नाही.

पुढची दहा वर्षं मी राबले. मित्रांनो, कापडी टेप राबते म्हणजे ताणली जाते. मालकीण विचार करू लागली की माझी दोन टोकं दोन हातांत धरून ओढायची, सारखी ओढायची. मी चुरगळले की माझ्यावर गरम इस्त्री फिरवून ताठ करायची. उन्हाळ्यात तिच्या मानेचा घाम मी प्यायचे. दिवसाकाठी केसभर, त्याहूनही कमी, पण मी लांबत होते. माझ्यावरचा एक इंच हळूहळू खऱ्या इंचापेक्षा मोठा झाला. मोठा झालेला इंच कमी वेळा मावतो, म्हणून मी प्रत्येकाचं माप कमी सांगू लागले.

पण ते कळणार कसं? माणूसही मीच मोजायचे आणि कापडही मीच. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून कपडे अंगावर नेमके बसायचे. उलट गिऱ्हाइकं खूश व्हायची. ‘‘बारीक झालात हो,’’ मालकीण म्हणायची आणि समोरची बाई पडद्याआडून हसतच बाहेर यायची. गावात चार शिंपी होते, पण कंबर कमी दाखवणारं दुकान आमचं एकच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अशात मालकिणीचं पोट फुगू लागलं.

सकाळी ठीक असायचं. दुपारी दोन घास खाल्ले की पोट तुंबायचं आणि संध्याकाळी ढोलासारखं ताठ व्हायचं. ती मशीनवर वाकली की तिला श्वास पुरत नसे. तिने आपल्या कपड्यांच्या शिवणी उसवल्या आणि आतली माया बाहेर काढली. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. माया संपली तेव्हा बटणं काढून इलॅस्टिक घातलं. दुसऱ्याचं पोट एक इंच वाढलं तर भर दुकानात सांगणारी ही बाई, स्वतःचं पोट मात्र शिवणीत लपवत होती.

आणि रोज संध्याकाळी पडद्याआड जाऊन ती मला पोटाभोवती गुंडाळायची. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की छत्तीस झाले तर डॉक्टरकडे जायचं, त्याआधी नाही. मी सांगेन तो आकडा ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने लिहायची. तेहतीस. साडेतेहतीस. चौतीस. मला पकडलेली तिची बोटं गार असायची. ‘‘अजून दोन इंच आहेत, आई,’’ असं एकदा ती पुटपुटली. आरोपीने न्यायाधीशाच्या तोंडाकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघायची, आणि तिचा न्यायाधीश खोटा होता.

उपाय मात्र तिने ढीगभर केले. कुणी म्हणालं लिंबू, कुणी म्हणालं लसूण. एक गिऱ्हाईक म्हणालं, कच्च्या भाज्याच खा, तर ही आठवडाभर गाजर-कोबी चावत बसली आणि पोट आणखी गडगडू लागलं. ढेकर यावा म्हणून थंडगार सोडा प्यायला, तोंडाला चव म्हणून च्युइंग गम चघळला. कधी जेवणच टाळायची, कारण रिकाम्या पोटाचा आकडा बरा येतो. मग दिवसभराची भूक नवरा बस चालवून उशिरा घरी आला की त्याच्यासोबत भरल्या ताटाने भागवायची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. पोट जिथल्या तिथे होतं.

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगते, हसू नका. पोटात वारा धरला की तो बाहेर सोडावा लागतो. पण एवढ्याशा खोलीत सकाळपासून बायकांची ये-जा, पडद्यापलीकडे कुणी ना कुणी उभं. मालकीण मर्यादशील. ती तासन्‌तास दात आवळून बसायची, शौचालाही उठायची नाही. कपाळावर घाम यायचा आणि ती गिऱ्हाइकाला म्हणायची, ‘‘जरा वळा बघू.’’ कुणाला काही कळलं नाही. मला सगळं कळत होतं, पण मला आकड्यांखेरीज बोलता येत नाही आणि तेही मी चुकीचेच बोलत होते.

मालकिणीची धाकटी बहीण एका मोठ्या दवाखान्यात कपड्यांच्या कोठीवर काम करायची. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट हे सगळं तिच्या ताब्यात. तिने थोरलीला बारा पांढऱ्या कोटांचं काम मिळवून दिलं. डॉक्टरांना दुकानात यायला सवड कुठली, म्हणून प्रत्येकाची मापं कागदावर लिहून आली. मालकिणीच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, माणूस दुसऱ्या टेपने मोजलेला आणि कापड माझ्याने.

कोट दिल्यावर चौथ्या दिवशी दुपारी धाकटी गठ्ठा घेऊन परत आली.

‘‘ताई, बाराच्या बारा परत आलेत.’’

‘‘का? शिलाई उसवली?’’

‘‘शिलाई छान आहे. बसत नाहीत. बाह्या पंजावर लोंबतात. एक डॉक्टर म्हणाले, कोट आहे की तंबू.’’

‘‘तू दिलेल्या कागदाप्रमाणेच कापलेत.’’

‘‘कागद बरोबर आहे. मी स्वतः मोजलंय सगळ्यांना.’’ धाकटीने पिशवीतून कोठीची नवी टेप काढली आणि टेबलावर पसरली. मग ताईच्या गळ्यातून मला काढून तिच्याशेजारी निजवलं, टोकाला टोक लावून.

जन्मल्या दिवसानंतर मला कुणी असं निजवलं नव्हतं. माझा छत्तीसचा आकडा त्या नव्या टेपच्या अडतीसपाशी जाऊन थांबला.

धाकटी हसली. ‘‘बघ, ही तर दोन इंच ताणली गेलीय. आईने दिलेली ना ही? किती वर्षं वापरशील?’’

मालकीण हसली नाही. तिने बहिणीकडे पाठ केली, नवी टेप उचलली आणि कपड्यांवरूनच पोटाभोवती घेतली.

‘‘किती?’’ धाकटीने विचारलं. ती आता हसत नव्हती. ‘‘ताई, किती?’’

‘‘साडेछत्तीस.’’

दोघी बहिणींनी आईचं ते माप एकाच दिवशी पाहिलं होतं, त्यामुळे पुढे काही सांगावं लागलं नाही. मालकीण कॅलेंडरपाशी गेली. एकेका आकड्यावर बोट ठेवत मागे मागे जाऊ लागली, महिन्याची पानं उलटत. जिथे मी पहिल्यांदा सव्वाचौतीस सांगितले होते, म्हणजे खऱ्या टेपवर छत्तीस पार झाले होते, तिथे तिचं बोट थांबलं. ‘‘चार महिने,’’ ती म्हणाली. ‘‘चार महिन्यांपूर्वीच छत्तीस झाले होते. आणि मी दोन इंच बाकी आहेत म्हणून बसून राहिले.’’

‘‘दुकान बंद कर. चल.’’

‘‘काय उपयोग आता?’’

‘‘चल म्हणते ना.’’

निघताना तिने सवयीने मलाच गळ्यात टाकलं. मला वाटलं, आता तरी मला फेकून देईल, तेवढीसुद्धा शिक्षा झाली नाही. दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तिला मला उतरवायला लावलं आणि मी धाकटीच्या मांडीवर पडून राहिले. धाकटीने मला इतकं घट्ट पिळलं की माझा उरलासुरला रंग तिच्या तळव्याला लागला. रक्त घेतलं, पोटाचे फोटो घेतले आणि रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मिळेल असं सांगितलं.

ते दोन दिवस मी विसरू शकत नाही. मालकिणीने कोटांना हात लावला नाही. दुकानात जेवढे अपुरे कपडे होते तेवढे पूर्ण केले, प्रत्येकाला चिठ्ठी टोचली आणि कुणाचा कपडा कुठल्या फळीवर आहे ते एका कागदावर लिहून नवऱ्याच्या हातात दिलं. ‘‘हे कशाला?’’ नवऱ्याने विचारलं. ‘‘असू दे जवळ,’’ ती म्हणाली. त्या बिचाऱ्याने कागदाची घडी करून ती खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने टेबलाखालचा खण उघडला. आईचा बिनबटणांचा गाऊन काढला, झटकला आणि अंगात घालून आरशासमोर उभी राहिली. तो तिला बेतून शिवल्यासारखा बसला. कुठे ओढत नव्हता, कुठे लोंबत नव्हता. ती खाली बसली आणि रडली. मी टेबलावरून लोंबत ते पाहत होते. माझ्यात जीव असता तर मी स्वतःलाच कात्रीत घातलं असतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. तो पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, ‘‘गाठ नाही. पाणीही नाही. रक्तही चांगलं आहे.’’

धाकटीचा जीव भांड्यात पडला. मालकिणीचा पडला नाही. ‘‘मग हे काय आहे?’’ तिने पोटावर हात ठेवून विचारलं. ‘‘मी काय सोंग करते?’’

‘‘सोंग कसलं? त्रास खरा आहे. आतडी वाऱ्याने फुगलेली आहेत. पण ते गोळ्यांनी जाणार नाही, तुमच्या राहण्या-खाण्यातून येतंय.’’ बाईंनी त्याच इमारतीतल्या वैद्यबाईंचं नाव लिहून दिलं आणि बजावलं, ‘‘वजन उतरलं, उलट्या झाल्या, रक्त दिसलं तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. टेप बघत बसायचं नाही.’’

वैद्यबाईंनी आधी रिपोर्ट मागून घेतला, तो पूर्ण वाचल्यावरच नाडीला हात लावला. किती वाजता जेवता, काय जेवता, कुठे बसून जेवता, असं विचारत गेल्या. विचारता विचारता उठल्या, तर त्यांच्या अंगरख्याची उसवलेली दुमड खुर्चीला अडकली. मालकीण आपोआप खाली वाकली. कनवटीच्या डबीतून टाचण्या काढल्या, ओठांत धरल्या आणि दुमड टाचता टाचता बंद ओठांनीच ‘हं, हं’ अशी उत्तरं देऊ लागली.

वैद्यबाई तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

‘‘टाचण्या अशा रोज तोंडात असतात?’’

मालकिणीने टाचण्या हातात घेतल्या. ‘‘दिवसभर. सगळेच शिंपी धरतात.’’

‘‘आणि सारखं काय गिळताय?’’

‘‘थुंकी. टाचण्या असल्या की तोंडाला पाणी सुटतं.’’

‘‘दर घोटाबरोबर वारा जातोय आत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि आलेला वारा सोडता का?’’

मालकिणीची मान खाली गेली. ‘‘दुकानात लोक असतात हो.’’

‘‘लोक लघवीला जातात, शिंकतात, जांभया देतात. शरीर जे बाहेर टाकू म्हणतं ते अडवायचं नाही, हे आमच्या शास्त्रातलं पहिलं सांगणं आहे. अडवलेला वारा उलटा फिरतो. भूक म्हणजे चूल समजा. तुम्ही दिवसभर तिच्यात लाकूड घालत नाही, वर थंड सोडा ओतता, आणि विझत आली की सगळ्यात मोठं पातेलं चढवता. ते शिजणार कसं?’’

मग त्यांनी सांगितलं ते अगदी साधं होतं, म्हणून अवघड होतं. दुपारचं जेवण ठरल्या वेळी, मशीनपासून दूर, बसून आणि न बोलता. गरम आणि ताजं. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, जिरं-हिंग घालून शिजवलेल्या भाज्या, जेवणाआधी आल्याचा तुकडा मिठाबरोबर. कच्चं, गार आणि फसफसणारं काही दिवस बंद. पाणी कोमट, घोट घोट. जेवल्यावर लगेच वाकून बसायचं नाही, शंभर पावलं चालायची. संध्याकाळचं जेवण हलकं आणि उजेड असतानाच.

यातलं शेवटचं घरी अडलं. ‘‘म्हणजे मी एकट्यानेच जेवायचं?’’ नवऱ्याने विचारलं. पंचवीस वर्षांत तो कधी एकटा जेवला नव्हता. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी ती कोमट पाण्याचा पेला घेऊन त्याच्या ताटासमोर बसली. ‘‘मी आहे इथे. जेवा तुम्ही,’’ ती म्हणाली. तो थोडा हिरमुसला, पण जेवला.

मित्रांनो, गोष्टीत असतं तसं लगेच काही झालं नाही. पहिले दोन आठवडे पोट तसंच फुगलं. ती पडद्याआड जायची, नवी टेप लावायची, साडेछत्तीस बघायची आणि भिंतीला डोकं टेकायची. ‘‘रिपोर्टच चुकला असेल,’’ असं एकदा धाकटीला म्हणाली. ‘‘माझी टेप चुकली तसा.’’ धाकटीने तिला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी परत तपासलं, तेच सांगितलं. एकदा चुकलेल्या मापाने माणसाचा सगळ्याच मापांवरचा विश्वास उडतो, आणि तो घालवणारी मी होते.

सगळ्यात वाईट सवय टाचण्यांची होती. हात आपोआप तोंडाकडे जायचा. टेबलावर ठेवल्या तर सांडायच्या, कापडात खोचल्या तर सापडायच्या नाहीत. दिवसातून दहादा ती स्वतःवर चिडायची आणि अकराव्यांदा टाचण्या पुन्हा ओठांत.

मग एका दुपारी, जेवून शंभर पावलं चालून आल्यावर, नवी टेप आल्यापासून मी ज्या खिळ्यावर टांगलेली होते, तिथून तिने मला काढलं. मला वाटलं, आता कात्री. तिने मला एका टोकापासून गुंडाळायला घेतलं, घट्ट, आणखी घट्ट, साठच्या साठ इंच. माझी एक टणक गोल गादी झाली. मग तिने आईचा गाऊन घेतला. बराच वेळ हातात धरला. आणि त्याच्या पोटावरचा तुकडा कापून माझ्यावर चढवला, खालून इलॅस्टिक लावलं आणि मला आपल्या डाव्या मनगटावर बांधलं. पहिली टाचणी तिने माझ्यातच खोचली.

आज तिचं पोट संध्याकाळी कधी तेहतीस असतं, कधी चौतीस, खऱ्या इंचांचे. एखाद्या दिवशी उशिरा जेवली तर पुन्हा तुंबतं आणि तिचा हात भीतीने पोटावर जातो. ती भीती पूर्ण गेलेली नाही. पण आता ती कॅलेंडरवर आकडे लिहीत नाही. बरं वाटत नसेल तर दुकानाला कुलूप लावते आणि दाखवून येते. पोटात वारा आला तर गिऱ्हाइकाला ‘‘आलेच हं’’ म्हणून सरळ मागच्या दाराने बाहेर जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी टेप असेल तर वर्षातून एकदा तिला पोलादी पट्टीशेजारी निजवा. तिला राग येणार नाही. आणि तुमच्या आईने कपड्यांच्या शिवणी गुपचूप सैल केलेल्या दिसल्या, तर तिला विचारा, काय होतंय. ती काही नाही म्हणेल. तरी हात धरून घेऊन जा.

मला दिवसभर टाचण्या टोचतात. टोचू देत. आधी त्या तिच्या तोंडात होत्या.